वाईहून आलेलं सोनं

१

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सुखदाने ऑफिसातल्या काउंटरवर ठेवलेली काळी बॅग नाहीशी झाली, आणि बॅगेबरोबर तिचा पगारही.

मला हे कळलं ते दिवाळी तोंडावर आल्यावर. सुखदा आमच्या दिल्लीतल्या मयूर विहारच्या सोसायटीत माझ्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहायची. मूळची वाईची, नोकरी नोएडातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत. जिना उतरताना "मावशी, आहात ना जिवंत?" असं ओरडून जायची तिची सवय. त्या दुपारी तिने बेल वाजवली, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मी ओळखलं.

"मावशी, पेन आहे?"

"पेन मागायला बेल वाजवलीस?"

"सही करायचीय. एकटीने करवत नाही. तुमच्यासमोर करते."

तिने टेबलावर इंग्रजी कागद ठेवला. मी चष्मा लावून वाचला. शेवटच्या महिन्याचा पगार, साठलेल्या रजेचे पैसे, काही काही मला नको, माझं कंपनीकडे कोणतंही येणं नाही, असं सुखदाने राजीखुशीने लिहून द्यायचं होतं. बदल्यात कंपनी पोलिसात जाणार नव्हती आणि तिला नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र देणार होती.

"पोलीस कशाला?"

"मी लॅपटॉप चोरला म्हणे." हे बोलताना तिचा आवाज फाटला. "सोमवारपर्यंत सही द्यायची. मावशी, पुण्याची नवीन कंपनी त्या पत्राशिवाय मला घेणार नाही. पैसे गेले तर गेले. चोर म्हणून नाव नको."

"घेतलास का?"

"मावशी!"

"विचारावं लागतं. जुनी सवय आहे माझी."

मग तिने सगळं सांगितलं. दसऱ्याला ऑफिस बंद होतं. तिने घरी लॅपटॉपची पूजा केली, वाईला तिचे वडील दुकानातल्या तराजूची करायचे तशी. हळद-कुंकू, झेंडूचं फूल आणि आपट्याचं पान. तिच्या आईने ओळखीच्या माणसाबरोबर वाईहून खरा आपटा पाठवला होता. वाटेत बराचसा चुरगळला, धड राहिली ती मोजकीच पानं. एक तिच्या देवापुढे गेलं, एक तिने मला दिलं होतं आणि एक लॅपटॉपवर वाहिलं. दुसऱ्या दिवशी नोकरीचा शेवटचा दिवस. पूजेचं पान टाकवेना, म्हणून तिने ते बॅगेच्या कप्प्यात सरकवलं आणि बॅग आयटी विभागाच्या काउंटरवर, तिथल्या त्यागीसमोर, जमा केली.

"सोनं देऊन आले मी त्यांना," ती डोळे पुसत म्हणाली. "आणि ते मला चोर म्हणतात."

मी कागदाची घडी घातली आणि माझ्याच कपाटात ठेवली.

"पेन मिळणार नाही," मी म्हटलं.

२

दिल्लीच्या श्रम खात्यात मी उमेदीची सगळी वर्षं निरीक्षक म्हणून काढली. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये आमचा संसार. घर माझ्या यजमानांच्या, उल्हासांच्या नावावर होतं. सकाळी डबा घेऊन मी निघायची ती ओखल्याच्या नाहीतर वजीरपूरच्या कारखान्यांत. आता ते क्वार्टर पाडून तिथे उंच इमारती झाल्या. एकदा मुद्दाम गेले होते, आमचा ब्लॉक नेमका कुठे होता तेही सांगता येईना. पण कारखान्यांची दारं आणि तिथे हिशेबासाठी खोळंबलेली माणसं मला अजून चेहऱ्यांनिशी आठवतात.

नोकरी सोडणाऱ्या माणसाचा शेवटचा पगार अडवायला तेव्हाही काहीतरी हरवायचं. ओखल्यात एका लेथवाल्याचं मोजमापाचं यंत्र हरवलं होतं. त्याने ते दिलं होतं, मालक म्हणत होता दिलं नाही. पुढे ते मालकाच्या मेव्हण्याच्या टेबलाच्या खणात निघालं. वस्तू कोणालाच नको होती. माणूस अडकवायचा होता.

तेव्हा कायद्यात एक पळवाट होती. कामावरून काढलेल्या माणसाचे पैसे लगेच देण्याची सक्ती होती, पण स्वतः नोकरी सोडणाऱ्याला ते संरक्षण नव्हतं. नव्या वेतन कायद्याने ती पळवाट बुजवली. राजीनामा दिला तरी कामाच्या दोन दिवसांत पगार द्यावा लागतो. हे सुखदाला ठाऊक नव्हतं. तिच्या वयाच्या कोणालाच ठाऊक नसतं. त्यांना वाटतं, तो पगार म्हणजे कंपनीचा उपकार.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन नोएडाला गेले. मनुष्यबळ विभागाची गुंजन अरोडा बोलायला गोड होती.

"आंटीजी, आप क्यों परेशान हो रही हैं? ये तो कंपनी का प्रोसेस है."

"बेटा, प्रोसेस कायद्याच्या वर असते का?" मी हिंदीतच विचारलं. "लॅपटॉपचा वाद वेगळा. केलेल्या कामाचा पगार वेगळा. नुकसान तिच्या हलगर्जीपणाने झालं असं तुमचं म्हणणं असेल, तर आधी तिला लेखी विचारायला हवं, तिचं ऐकून घ्यायला हवं. विचारलंत?"

गुंजनने पेन्सिल फिरवली. "ऊपर से ऑर्डर है. पूरा ऑफिस छान मारा आंटीजी, एक एक अलमारी. लैपटॉप बिल्डिंग में है ही नहीं. या तो इसने दिया नहीं, या त्यागी ने गायब किया. दोनों में से एक की नौकरी तो जाएगी."

"माझी तर गेलीच आहे," सुखदा पुटपुटली.

"मैंने तो बोला था, सुखदा," गुंजन तिच्याकडे वळली. "जयदीप सर तुम्हारे लिए कितना लड़े. बोले, इस्तीफ़ा वापस ले ले तो मैं बात ख़त्म करवा दूँगा. तुमने ही मना कर दिया."

जयदीप म्हणजे सुखदाचा मॅनेजर. पुण्याचा मुलगा, आमच्या गणेशोत्सवात दरवर्षी मांडव घालायला पुढे. माझ्या वरचं घर सुखदाला त्यानेच बघून दिलेलं. त्याचं नाव ऐकून मला धीर आला.

बाहेर पडताना मात्र सुखदा म्हणाली, "मावशी, त्यागीजी बघा. आपल्याला बघून ते मागच्या जिन्याने पळाले."

३

त्यागी आम्हाला गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर सापडला. चाळिशीचा, डोळ्यांखाली काळं. सुखदाला बघून त्याने ग्लास खाली ठेवला.

"मैडम, मैंने कुछ नहीं किया. बच्चों की कसम."

"तर मग पळालास का?" मी विचारलं.

"माताजी, गुंजन मैडम ने बोला है, इससे बात की तो मेरा भी हिसाब यहीं हो जाएगा."

मी त्याच्या शेजारी बसले. चहा मागवला. घाबरलेल्या माणसाला प्रश्न विचारू नयेत, त्याला तक्रार करू द्यावी, हे मी वजीरपूरला शिकले. त्यागीने घरभाड्यापासून सुरुवात केली आणि हळूहळू त्या दिवसावर आला. सुखदाने बॅग काउंटरवर ठेवली, हे त्याने स्वतः पाहिलं होतं. नेमका तेव्हा सर्व्हर बंद पडलेला, त्यामुळे पोच निघत नव्हती. "बाद में मेल कर दूँगा" म्हणून त्याने तिला जाऊ दिलं आणि तो सर्व्हरच्या खोलीत गेला. परत आला तर काउंटर रिकामं. दिवाळीच्या रंगकामासाठी तिथला कॅमेरा प्लास्टिकने झाकलेला.

"हे तू त्यांना सांगितलंस?"

"बताकर? बैग देखी बोलता, तो ज़िम्मेदारी मेरी." त्याने मान खाली घातली. "इसलिए बोल दिया, मुझे याद नहीं."

सुखदा उठून उभी राहिली. "तुमच्या एका वाक्यामुळे, त्यागीजी..."

मी तिला खाली बसवलं. "बॅग बाहेर कोण नेऊ शकतं?"

त्यागी हसला, कडवट. "कोई नहीं, माताजी. हमारा तो टिफ़िन तक खुलवाते हैं गेट पर." लॅपटॉप बाहेर न्यायचा तर पास लागतो. त्यागीकडे नाही, गुंजनकडेही नाही. पास फक्त टीमच्या मॅनेजरांकडे. त्यांना गार्ड नुसता सलाम करतो.

"त्या दिवशी मॅनेजर कोण होते?"

"कोई नहीं था. दशहरे से जोड़कर सबने छुट्टी ले रखी थी. एक जयदीप सर ड्यूटी पर थे, वो भी सारा दिन गुड़गाँव, क्लाइंट के यहाँ."

म्हणजे बॅग इमारतीत नव्हती आणि इमारतीबाहेर जाऊ शकत नव्हती.

४

मेट्रोत सुखदा खिडकीला डोकं टेकून बसली होती. "मावशी, मी सही करते."

"सोमवार अजून आला नाही."

"तुम्हाला जिंकायचंय. मला फक्त सुटायचंय."

हे मला लागलं. पण ती खोटं बोलत नव्हती. अशा कागदावर सही झाली तरी कायद्यापुढे तो टिकत नाही, हे मला माहीत होतं. सही केलेल्या माणसाची मान पुढे कित्येक वर्षं खालीच राहते, हेही मी पाहिलं होतं. तिला एवढंच म्हटलं, "आज संध्याकाळी मी जयदीपकडे जाते. तो तुझ्या बाजूचा आहे. कंपनीत त्याचं ऐकतात."

इंदिरापुरमला त्याच्या घरी पोचले तेव्हा तो आला नव्हता. दार अनुष्काने, त्याच्या बायकोने उघडलं. डोक्याला फडकं, हातात झाडू.

"अय्या, मावशी! बघू नका हं घराकडे. साफसफाई काढलीय. इथल्या बायकांचं धनतेरसच्या आधी सगळं लखलखतं, आणि आपण आपले मागे."

सोफ्यावर पडद्यांचा ढीग होता, म्हणून तिने मला स्वयंपाकघरातच खुर्ची दिली. समोर देव्हारा. चहा उकळेपर्यंत मी आपली देव बघत बसले. पुढ्यात छोट्या चांदीच्या ताटलीत दसऱ्याचं सोनं तसंच ठेवलेलं, वाळून तपकिरी झालेलं.

दिल्लीत आपटा सहसा मिळत नाही. आम्ही मराठी माणसं इथे कचनारची पानं सोनं म्हणून लुटतो. दिसायला त्याच घराण्यातली, पण तळहाताएवढी मोठी. लक्ष्मीबाई नगरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी कचनार होता. दसऱ्याच्या सकाळी शेजारचे तात्याराव पोरांना खांद्यावर घेऊन पानं तोडायला उभे राहायचे आणि समोरचे सरदारजी दरवर्षी विचारायचे, "आज फिर पेड़ लूट रहे हो, तात्या?" कोणी देशावरून खरा आपटा घेऊन आलं, की आम्ही बायका ते इवलंसं जाड पान हातात घेऊन बघत राहायचो. माहेरची पत्रिका यावी तसं.

ताटलीतली पानं सगळी कचनारची होती.

एक सोडून.

५

ते छोटं होतं, जाड, रुंदीला जास्त आणि मधोमध दुभंगलेलं. देठाजवळ हळदीचं पिवळं बोट, त्यावर कुंकवाचा ठिपका सुकलेला.

"अनुष्का, हा खरा आपटा कुठून गं?"

"तुम्ही बरोब्बर ओळखलंत!" तिने गॅस बारीक केला. "अहो, गंमतच झाली. ह्यांच्या खोलीतलं कपाट पुसायला घेतलं, तर वर, अगदी भिंतीकडे सारलेली एक काळी ऑफिसबॅग. झटकायला म्हणून उघडली आणि कप्प्यातून हे पडलं. म्हटलं, कोणीतरी ह्यांना सोनं दिलंय आणि ह्यांनी धुळीत ठेवलंय. देवापुढे ठेवलं मी. टाकवतं का असं?"

"नाही टाकवत," मी म्हटलं.

"ती बॅग कुठे आहे?" मी विचारलं.

"दुसऱ्या दिवशी घेऊन गेले. माझ्यावरच डाफरले, ऑफिसच्या वस्तूला हात लावू नकोस म्हणून. हल्ली फार चिडतात हो. वर्षाचा बोनस म्हणे टीमवर अवलंबून असतो, माणसं सोडून गेली की ह्यांचा कापतात. झोपत नाहीत धड."

बेल वाजली. जयदीप आत आला, मला बघून वाकून नमस्कार केला. किती वर्षं करतोय तो असा नमस्कार.

"मावशी, सुखदाचं ना? मलाही फार वाईट वाटतंय यार. पण मी काय करणार? मी त्या दिवशी नव्हतोच ऑफिसात. सकाळपासून गुडगावला."

"हो, कळलं मला."

"तिला समजवा ना तुम्ही. म्हणावं परत ये, मार्चपर्यंत थांब. मी सगळं मिटवतो."

"लॅपटॉप नसताना कसं मिटवशील?"

"सापडतो हो. हरवलेल्या वस्तू सापडतात."

त्याचा फोन वाजला आणि तो गॅलरीत गेला. मी उठले. तेवढ्यात अनुष्काने मला थांबवलं.

"दसऱ्याला आम्हाला येता आलं नाही मावशी. सोनं तरी घेऊन जा." ताटलीवर तिचं बोट फिरलं आणि तिने नेमकं ते छोटं पान उचललं. "तुम्हाला खरंच देते. तुमच्याइतकी किंमत इथे कोणाला आहे?"

ती माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला आणि तिने दिलेलं पान रुमालात घेतलं. लिफ्टमध्ये आरसा होता, त्याच्याकडे पाठ करून उभी राहिले.

६

सोमवारी बैठकीच्या खोलीत आम्ही पाच जण होतो. गुंजन, जयदीप, दाराजवळ उभा राहिलेला त्यागी, सुखदा आणि मी. आदल्या दोन दिवसांत मी सुखदाला दोनच गोष्टी विचारल्या होत्या. दसऱ्यानंतर ती जयदीपला भेटली होती का? नाही, फोनवर फक्त. त्याला सोनं दिलं होतं का? नाही, भेटलाच नाही तर कुठून देणार? मी तिला आणखी काही सांगितलं नव्हतं. शनिवारी आणि रविवारी, दोन्ही दिवस, मला वाटत होतं की जयदीप स्वतःहून फोन करेल. त्याने केला नाही.

"तो आंटीजी, साइन?" गुंजनने पेन पुढे केलं.

"थांब बेटा. त्यागी, तू आत बस. बॅग काउंटरवर आली होती की नाही, ते आज सांगायचंय तुला."

त्यागीने एकदा सुखदाकडे पाहिलं. "आई थी, मैडम. मैंने देखी थी. मैं डर गया था."

गुंजनचा चेहरा उतरला. "तो फिर तुमने..."

"त्याने नाही नेली," मी म्हटलं. "तो नेऊच शकत नाही. तुमच्या गेटवर त्याचा डबासुद्धा उघडतात. बॅग इमारतीत नाही, हे तुम्हीच शोधून पाहिलंत. म्हणजे ती पास असलेल्या माणसाबरोबर गेली. आणि तुम्हीच मला सांगितलंत, गुंजन, की सुखदा परत आली तर प्रकरण संपेल असं एक माणूस खात्रीने म्हणत होता. लॅपटॉप सापडल्याशिवाय हे प्रकरण कसं संपणार होतं? ते कुठे संपतं हे ज्याला माहीत आहे, तोच असं बोलू शकतो."

"मावशी," जयदीप म्हणाला, "मी गुडगावला होतो. क्लाइंटला विचारा."

"विचारते. पण आधी हे बघ."

मी रुमाल उलगडून पान टेबलावर ठेवलं.

गुंजन वाकली. "ये क्या है? पत्ता?" त्यागीनेही मान लांब करून पाहिलं. त्या दोघांना त्यात वाळलेल्या पाल्यापलीकडे काही दिसलं नाही.

सुखदाने मात्र हात तोंडावर नेला. "मावशी, हे माझं आहे. हळदीचं बोट मीच लावलंय. हे बॅगेत होतं."

मी जयदीपकडे बघत होते. त्याला पान आधी कळलं नाही. मग कळलं. तो पान सोडून माझ्याकडे बघायला लागला, आणि माझ्या मागे, जणू तिथे त्याची बायको उभी आहे.

"तुला हे कोणी भेटून दिलेलं नाही," मी मराठीत, हळू म्हटलं. "ते सुखदाच्या बॅगेतच तुझ्या घरी आलं. तुझ्या जागी इथला दुसरा कोणी असता ना, तर त्याच्या घरी हे केराबरोबर गेलं असतं. मला कधी कळलंच नसतं."



"दुपारी फाइल घ्यायला आलो होतो," तो शेवटी म्हणाला. "बेसमेंटला गाडी लावली, कोणाच्या तरी मागोमाग आत आलो. काउंटरवर बॅग दिसली, तिच्या नावाची पट्टी. त्यागी सर्व्हर रूमकडे चालला होता. मावशी, मी फक्त उचलली. वाटलं, चार दिवस पत्र अडकेल, पुण्याचं हुकेल, परत येईल. टीम सोडून जाणारी तिसरी होती ती. माझ्याच माथी मारत होते सगळं. नंतर ह्यांनी चोरीचं काढलं, पोलीस काढले. मग मी ती बॅग कशी बाहेर काढणार होतो?"

"माझ्या आईला ताप आला ऐकून," सुखदा म्हणाली. तिचा आवाज अगदी सपाट होता. "दादा म्हणायचे मी तुम्हाला."

"गाडीत आहे," जयदीप म्हणाला. "आणतो."

तो बॅग घेऊन आला. गुंजन नंबर ताडून पाहत होती तेव्हा मी तो सहीचा कागद माझ्या पर्समधून काढून तिच्यासमोर ठेवला. तिने तो फाडला. पत्र त्याच दिवशी मिळालं, पगार दुसऱ्या दिवशी खात्यात आला. येताना मेट्रोत सुखदा पुन्हा खिडकीला डोकं टेकून बसली. मला वाटलं होतं, ती हसेल.

७

सुखदा दिवाळीआधीच पुण्याला गेली. वरच्या घराला कुलूप लागलं. पान तिने मागितलं नाही. मी ते माझ्या देवापुढे ठेवलं.

तुळशीच्या लग्नाच्या सुमारास बेल वाजली. दारात अनुष्का. ती उंबऱ्याच्या आत आली नाही.

"मी भांडायला आले नाहीये मावशी. ते दिवस गेले." तिच्या हातात प्लास्टिकची फाइल होती. "ह्यांच्याकडून राजीनामा लिहून घेतला. केलं ते चूक केलं, मी काही म्हणत नाही. पण महिन्याचा पगार दिला नाही. रजेचेही नाही. म्हणतात, कंपनीची बदनामी झाली, त्यात वळते केले. घराचा हप्ता थकला. ते तुमच्याकडे यायला तयार नाहीत. त्यांना माहीत नाही मी आलेय."

मी तिच्याकडे बघत राहिले. तिने माझ्या हातात आपण होऊन दिलेल्या पानाने तिचं घर मोडलं होतं, आणि ती माझ्याच दारात उभी होती. दिल्लीत दुसरं दार तिला माहीत नव्हतं.

"त्या महिन्यात तो कामावर जात होता?"

"रोज."

"कामं केली?"

"रात्रीची सुद्धा."

"मग आत ये. त्याने बॅग उचलली त्याची शिक्षा वेगळी. केलेल्या कामाचा पगार वेगळा."

गुंजनला हेच वाक्य ऐकवताना मला किती सोपं वाटलं होतं.

ती आत आली. चहा नको म्हणाली. मी तक्रारीचा मसुदा लिहायला घेतला. मधेच पुण्याहून सुखदाचा फोन आला, नेहमीसारखी "मावशी, आहात ना जिवंत?" मी तिच्यापासून लपवलं नाही. कोण बसलंय आणि कशासाठी, ते सांगितलं.

"त्याच्यासाठी पण?" तिने विचारलं.

"त्याच्यासाठी पण."

"मला नसतं जमलं, मावशी." आणि तिने फोन ठेवला. त्यानंतर आजतागायत तिचा फोन आलेला नाही. नवीन नोकरी आहे, वेळ मिळत नसेल, असं मी स्वतःला सांगते.

फोन खाली ठेवून मी पाहिलं, तर अनुष्का देव्हाऱ्यासमोर उभी होती.

"हेच ना ते?"

"हेच."

तिने पान उचललं नाही. नुसतं त्याच्यावरची धूळ फुंकली, खुर्चीवर येऊन बसली आणि फाइल माझ्याकडे सरकवली.

"लिहा," ती म्हणाली. "त्यांचं पूर्ण नाव घाला."